फाळक्याचा आवाज

खरं सांगते, राग मानू नका... या सदरातले अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आले. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीला कुणीतरी हात दाखवतं, आणि सगळ्यांच्या घड्याळात नेमके बारा वाजलेले असतात! आमच्या घरी देवघर आहे, सोमवारचा उपास आहे, पण चौकटीला लिंबू-मिरची मी कधी लावू दिली नाही. तेव्हा भूत-बित सिद्ध करायला मी लिहीत नाहीये. माझं एक भांडण आहे, ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितेय. पटलं तर बघा, नाही पटलं तर सोडून द्या.

मी सुनंदा. वय चव्वेचाळीस. बीड जिल्ह्यात नेकनूरजवळच्या एका गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माणसं अजून तीच आहेत. यांचं खत-बियाणांचं दुकान नेकनूरला, त्यामुळे शेती आणि ट्रॅक्टर माझ्याकडे. ट्रॅक्टरवर नऊ वर्षं एकच ड्रायव्हर होता, भानुदास भाऊ. मला वैनी म्हणायचा. मी स्वतःही ट्रॅक्टर चालवते, पण ट्रॉली रिव्हर्स घेताना अजूनही गडबडते. तशीच एकदा गडबडले आणि ट्रॉलीचा मागचा फाळका - म्हणजे मागचं लोखंडी झाकण, जे पाडून माल उतरवतात - दगडावर आदळला. उजवीकडचा हूक तुटला. तिथं मी साखळीचा तुकडा बांधला, आणि तो तसाच राहिला. तेव्हापासून ट्रॉली चालली की दोन वेळा ठण् ठण् आणि मग एक लांब खर्रर्र असा आवाज यायचा. भानुदास भाऊ ओढ्याच्या वळणावर आला की मला स्वयंपाकघरात कळायचं, मी चहाचं आधण ठेवायचे.

त्या वर्षी आमच्या भागात ट्रॉल्या चोरीला जायला लागल्या. ट्रॅक्टर चोरणं अवघड, त्याला नंबर असतो, चार माणसं ओळखतात. ट्रॉलीचं तसं नाही. कुणीही यावं, आपल्या ट्रॅक्टरला जोडावी आणि चालू लागावं. रस्त्यानं ट्रॉली चालली तर कोण विचारतो कुणाची म्हणून? आमची गल्ली अरुंद, ट्रॉली आत येत नाही, त्यामुळे ती रस्त्याकडेच्या शेतात लिंबाखाली उभी असायची.

मग मी बंदोबस्त केला. जाड साखळी आणली, चाकातून घालून लिंबाच्या बुंध्याला आवळली आणि तळहाताएवढं कुलूप ठोकलं. किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला, एक भानुदास भाऊकडे. शिवाय नेकनूरच्या वेल्डरकडून ट्रॉलीच्या खाली, आसाच्या मागं, पितळेचे तीन ठिपके पाडून घेतले. ते फक्त त्याला आणि मला माहीत. आणि मग मी गावभर सांगत सुटले, "हे कुलूप तुटायचं नाही. उघडलं तर किल्लीनंच उघडेल." गिरणीत सांगितलं, दुकानात सांगितलं. फुशारकी हो, दुसरं काय.

मे महिन्यात गावात लग्न होतं. अख्खं गाव मांडवात. दुपारी चारच्या सुमाराला जेवून परत आले तर लिंब जागेवर, साखळी जागेवर, ट्रॉली नाही. कुलूप साखळीला लटकत होतं. उघडं. एक ओरखडासुद्धा नाही त्याच्यावर.

आता पुढचं तुम्हीच ओळखा. कुलूप तुटत नाही हे मीच सांगितलेलं. किल्ल्या दोन. माझी किल्ली मांडवात माझ्याबरोबर. आणि भानुदास भाऊ लग्नात जेवायला आला तो पंगती उठता उठता.

"मी पालीला गेलतो बहिनीकडं," तो म्हणाला. "तिला ताप हाय."

"बहीन काय, भावासारखंच बोलनार," आमचे थोरले चुलत दीर म्हणाले. त्यांना गावात सगळे बप्पा म्हणतात आणि त्यांचा शब्द खाली पडत नाही.

भानुदास भाऊला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. काही निघालं नाही, सोडून दिलं. पण गावानं सोडलं नाही. महादेवाच्या देवळात माणसं जमली. बप्पांनी तोडगा काढला - भानुदासनं पिंडीपुढं बेल-भंडार उचलावा. म्हणजे देवाचा बेल आणि भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची. खोटी घेतली तर वाटोळं होतं अशी आमच्याकडे समजूत. उचलला की सुटला, मग कुणी बोट दाखवायचं नाही.

भानुदास भाऊ पायरीवर उभा होता. आत आलाच नाही.

"चोरी केली न्हाई तर बेल कावून उचलू? आज ट्रॉलीसाठी उचलीन, उद्या कुनाची कोंबडी गेली तरी मलाच बोलावताल."

"म्हंजे दाल में काला हाय," कुणीतरी म्हणालं.

"आसंल तर आसू द्या. मी न्हाई उचलनार."

आणि तो निघून गेला. झालं! शपथेला भितो म्हणजे चोर, गावाचा हिशोब लागला.

त्या दिवशी मी काय बोलले ते नीट लिहिते, कारण तेच मला आजही खातंय. मी ताडकन उठून म्हणाले, "शपथेनं काही सिद्ध होत नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पुरावा बघा." बायाबापड्या बघत राहिल्या. मला वाटलं, केवढं धाडस केलं! पण पुरावा म्हणजे काय होता? माझं कुलूप. आणि माझं कुलूप त्याच्याकडेच बोट दाखवत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं किल्ली आमच्या ओट्यावर ठेवली आणि काम सोडलं. मी अडवलं नाही.

आता खरा अनुभव.

श्रावणात भावाच्या मुलाचं बारसं होतं. माझं माहेर घाटनांदूर. केज, अंबाजोगाई करत दोन गाड्या बदलून मी पोचले. आत्या मीच, त्यामुळे नाव ठेवायचा मान माझा. दुपारचा एक वाजला असेल. लख्ख ऊन. खोलीत पंचवीस-तीस बायका. पाळणा म्हणून झाला, बाळ माझ्या मांडीवर दिलं. त्याच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं, आणि सांगितलं की बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. बायका हात सरसावून बसलेल्या. मी बाळाच्या कानाशी तोंड नेलं...

ठण् ठण्. खर्रर्र.

मी थांबले. परत - ठण् ठण्, खर्रर्र. घरामागच्या गल्लीतून. अगदी तस्सा. तुम्ही म्हणाल भास. मीही तेच म्हणाले. पण तो आवाज माझ्या हाताची चूक होती, साखळी मी बांधलेली, त्यात माझी गल्लत होणार नाही.

बाळ भावजयीच्या मांडीवर दिलं आणि उठले.

"अगं, नाव तरी सांग!" आई ओरडली.

"आल्यावर सांगते!"

अनवाणी बाहेर पळाले, भाऊ माझ्या मागं. गल्लीत चिटपाखरू नाही. पण आवाज पुढं चाललेला, कोपऱ्यावरून डावीकडं.

"ऐक, ऐक... येतोय ना?" मी म्हणाले.

"काय ऐकू? ताई, ऊन लागलं का तुला?"

"गप चल."

सात-आठ मिनिटं मी त्या आवाजामागं चालले. तो थांबला की मी थांबायचे. शेवटी कडब्याच्या एका आवारापुढं आले आणि आवाज बंद झाला, एकदम. फाटक उघडं होतं. आत निळ्या रंगाची नवीकोरी दिसणारी ट्रॉली.

आमची लाल होती. आणि ही ट्रॉली चालत नव्हती, चालणं शक्यच नव्हतं. तिचं एक चाक काढून ठेवलेलं, आस दगडांच्या चळतीवर टेकवलेला. आसाभोवती कोळ्यानं जाळं केलेलं. आणि मागं फाळका नव्हताच! नुसतं उघडं तोंड. जो वाजत होता, तो फाळकाच त्या ट्रॉलीला नव्हता.

माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करते. पण मी बसून थरथरत राहिले नाही. साडी खोचली आणि उताणी होऊन ट्रॉलीखाली शिरले. बारशाची नवी पैठणी, वर वंगण, खाली शेण. बांगडीनं रंग खरवडला. पितळेचे तीन ठिपके.

बाहेर आले तर आवाराचे मालक उभे. पांढरं धोतर, कपाळाला भस्म. लोक त्यांना अप्पा म्हणतात.

"ओ बाई, कोन तुमी? माज्या ट्रॉलीखाली काय करायलात?"

"ट्रॉली माझी आहे."

"लई सोपं हाय का? इकत घेतलीय मी."

"कागद?"

"ट्रॉलीला कागद कोन बघतंय," अप्पा म्हणाले.

"चाक कावून काढलंय?" माहेरी माझीही बोली बदलते.

"चोरीच्या भीतीनं," अप्पा म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच कसंसं वाटलं. "आनल्यापासून काढून ठिवलंय. मागचा फाळका तवाच नव्हता. नवा करायला टाकलाय."

माणसं जमली. कुणी म्हणालं बाई वेडी आहे, कुणी म्हणालं आधी बाहेर काढा. मी ट्रॉलीच्या दांडीवर जाऊन बसले. "पोलीस येईपर्यंत मी उठणार नाही. उचलून टाकायची हिंमत असेल तर टाका!" भाऊ बिचारा बाजूला उभा राहून घाम पुसत होता. शेवटी अप्पांनीच माणूस पाठवून पोलीस बोलावले आणि मला तांब्याभर पाणी दिलं. माणूस सरळ होता, फसलेला होता. बाळाचं नाव संध्याकाळी ठेवलं, पंचनामा झाल्यावर. धपाटे जरा जोरातच बसले.

अप्पांनी विकणाऱ्याचं नाव सांगितलं आणि चोर सापडले. कुलूप कसं उघडलं, तर त्यांच्याकडे किल्ल्यांचा जुडगा होता. म्हणाले, अशा कुलपांत किल्ल्या मोजक्याच प्रकारच्या असतात, एक ना एक लागतेच. माझं ते तळहाताएवढं कुलूप! आणि फाळका? साखळी वाजते, वाटेत कुणी ओळखेल, म्हणून त्यांनी तो पहिल्याच दिवशी कापून भंगारात घातला होता. बारशाच्या कितीतरी आधी तो वितळून गेला असेल.

मी शोधायचं ते सगळं शोधलं. दुसरी एखादी ट्रॉली तशीच वाजत गेली असेल? मग भावाला का ऐकू आली नाही? गल्लीतल्या कुणालाच का दिसली नाही? माझ्या मनानंच आवाज काढला म्हणावं, तर मनाला तो पत्ता कुणी दिला? अप्पांचं आवार मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

परत आले त्याच दिवशी भानुदास भाऊच्या दारात गेले. त्याची बायको तोंड फिरवून आत गेली. मी उभ्यानंच म्हणाले, "चुकले मी. तुम्ही चोर नाही."

तो म्हणाला, "वैनी, मी चोर हाय आसं तुमी कदी म्हनल्या न्हाईत. पर चोर न्हाई, आसंबी म्हनल्या न्हाईत. नऊ वर्सं झाली व्हती."

मी रडले. तो कामावर परत आला नाही, आणि मी तसं म्हणण्याची हिंमतही केली नाही.

ट्रॉली पोलिसांकडून सोडवून लिंबाखाली आणली, त्याच्या चार दिवसांनी बप्पा हार-नारळ घेऊन तिच्यापाशी हजर. मागं अर्धं गाव. "महादेवानंच दाखवलं, सुनंदा. देवाच्या दारी न्याव हाय. पूजा करू."

"नाही," मी म्हणाले.

"मग आवाज कुनी ऐकवला तुला?"

"माहीत नाही."

"न्हाई माहीत, मग नारळ फोडायला काय जातंय?"

काय जातंय ते मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं आणि तुम्हालाही सांगते. तो आवाज कुठून आला मला आजही माहीत नाही. कुणाला कळलं तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. पण देवानं न्याय केला असं एकदा म्हटलं की आपण सगळे सुटतो. बप्पा सुटतात, गाव सुटतं, मी सुटते. एका सरळ माणसाला आपण चोर केलं होतं, ते देवानं परस्पर मिटवलं म्हणायचं आणि प्रसाद खाऊन घरी जायचं. मी नाही जाऊ देणार. मी बप्पांना म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी त्याला बेल उचलायला सांगितलं, त्यांनी आधी त्याच्या दारात जाऊन चुकलो म्हणावं. मग आणा नारळ, मी स्वतः फोडते."

आजवर तिघं जाऊन आले. बप्पा रोज ट्रॉलीपुढून जातात, मान दुसरीकडे करून. नारळ अजून त्यांच्याच घरी आहे. मला काही घाई नाही.