पत्तीची दुसरी धार

शिळ्या साबणाचा आंबूस वास आला की मला अजून मळमळतं आणि कॅम्प-एक या कामगार वस्तीतली पत्र्याची खोली आठवते. सातवीतच शाळा सोडलेला मी अठरा पूर्ण होताच भंडाऱ्याकडून कारखान्याच्या भरतीला आलो होतो, सोबत मामानं दिलेला एकधारी रेझर होता. त्याची पत्ती इथल्या बाजारात मिळेना, आणि जुन्या गंजक्या पत्तीनं गाल सोलून निघत. उद्या डॉक्टरी तपासणी होती. असल्या गालांना खरूज समजून परत पाठवतील, या धास्तीनं मला जेवण जाईना. खोलीतला वर्ध्याकडचा सोबती म्हणाला, "एका धारेचा कावून आणला बे? इथं दोन धारेचाच चालते, एका पत्तीत दोघं निभतात. लाल ठिपक्याची बाजू तुई, दुसरी माई." त्यानं आपल्या रेझरातल्या पत्तीच्या एका कडेला लाल रंगाचा ठिपका दिला. धुतली की पत्ती गंजते, म्हणून तो आपली बाजू कधी धूतच नसे. सकाळी मी घाईत पत्ती घालून रेझर बंद केला, ठिपका आत झाकला गेल्यानं बाजू कळेना, आणि नेमकी त्याची बाजू ओठावर फिरली. पंधरा दिवसांचा करडा, चिकट लगदा, त्यात राठ केस आणि तंबाखूचा वास. मी मोरीत ओकलो. तो हसत म्हणाला, "माया मिशीचा मुका घेतला न बे तू? आता सोयरीक झाली आपली. जाय, तोंड धू, पास होशीन." मी पास झालो. आता पत्ती माझी एकट्याची असते, तरी दाढी एकाच धारेनं करतो. दुसरी त्याची आहे, आणि ती कोरी असली तरी तिच्याकडे बघून माझे ओठ घट्ट मिटतात.