‘बंद करून’ आणि ‘बंद करता करता’

महापेला आमच्या पॅकिंगच्या कारखान्यात सीलिंग मशीनचा गरम जबडा लाईनवरच्या मावशींच्या बोटांवर आला, आणि त्याच आठवड्यात परदेशी गिऱ्हाइकाचा सेफ्टीवाला साहेब चौकशीला हजर. मावशी साताऱ्याकडच्या, इंग्रजीचा गंध नाही. दुभाषी कोण, तर मी! लाईनवर बारावी झालेली एकटीच ना. चूक मावशींची ठरली तर त्यांना गेट बंद, हे सुपरवायझरने आधीच ऐकवलं होतं.

साहेबाने विचारलं, नेमकं काय झालं?

"मशिन बंद करून हात घातला की ओ," मावशी म्हणाल्या.

मी इंग्रजी केलं, "स्विचिंग ऑफ द मशीन, शी पुट हर हँड इनसाइड."

साहेबाचं पेन थांबलं. म्हणजे बंद करता करताच हात घातला? मशीन चालूच होतं?

अरे देवा! ‘करून’ आलं की लाव आयएनजी, शाळेत हेच तर घोटलेलं. पण आपल्या ‘करून’मध्ये पहिलं काम संपतं, मगच दुसरं सुरू होतं. यांच्या आयएनजीत दोन्ही एकदम चाललेली वाटतात. सुपरवायझर गालात हसत होता मेला. माझ्या एका शब्दापायी मावशींची भाकरी जाणार होती.

"काय म्हनला गं त्यो?" मावशींनी विचारलं.

मी घाईघाईने साहेबाला म्हटलं, "नो सर, फर्स्ट ऑफ! आफ्टर, हँड!"

साहेब म्हणाला, मशीनवर दाखवा.

"दावते की," म्हणत मावशी उठल्या. पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी बटण बंद केलं. दिवा विझला. त्या वाकल्या, तशी मी घाबरून एक पुठ्ठा त्यांच्या चांगल्या हातात कोंबला. "हात नको मावशी, हा घाला."

पुठ्ठा आत गेला आणि खाड्‌दिशी जबडा खाली आला. करपल्याचा वास सुटला.

साहेबच मागे सरकला. मग लिहिता लिहिता पुटपुटला, "हॅविंग स्विच्ड ऑफ द मशीन..." हॅविंग, म्हणजे आधी बंद करून झालं, मगच हात! तो शब्द मी तेव्हा शिकले.

मावशींनी पुठ्ठ्यावरच्या काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "मी तर हातच घालनार हुते गं."

मी तिथेच खाली बसले.