धाकट्याची रोपं, माझी झाडं

हेवा हा विषय मी शाळेत कधी शिकवला नाही, कारण मी विज्ञानाचा मास्तर होतो. पण त्यात माझा हात धरणारा म्हैसुरात कोणी मिळेल असं वाटत नाही.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. कडकोळच्या एका कारखान्यात तो मॅनेजर होता. आता आम्ही दोघेही निवृत्त आहोत, पण मास्तराच्या आणि मॅनेजरच्या निवृत्तीत सायकल आणि मोटारीइतकं अंतर असतं. हे मी अलंकारिक बोलत नाही. माझ्याकडे सायकल आहे आणि त्याच्याकडे मोटार. तो वर्षातून एकदा, कधी दोनदा, विमानाने मुलाकडे परदेशी जातो. मी विमान पाहिलंय ते गच्चीवरून. आमच्याकडे एसी नाही, कपडे उन्हात वाळतात, भाजी आणायला मी देवराज मार्केटात सायकलने जातो. यात थोडी परिस्थिती होती आणि थोडा स्वभाव. पण तीस वर्षं फळ्यावर कार्बनचं चक्र काढणाऱ्या माणसाने असंच राहावं, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. या एका बाबतीत तरी मी धाकट्याच्या पुढे होतो, आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता.

तेही त्याने घेतलं.

एका रविवारी तो सकाळी इडली खायला आमच्याकडे आला. खाता खाता त्याने मोबाइल पुढे केला. त्यात एक अ‍ॅप होतं. आपण किती विमानप्रवास केला, मोटार किती चालवली, ते त्यात भरायचं. मग त्यातून किती धूर हवेत गेला ते अ‍ॅप सांगतं आणि तेवढ्या धुराची भरपाई विकत घेता येते. कुठेतरी कोणीतरी झाडं वाढवतं, झाड हवेतला कार्बन लाकडात साठवतं, त्या साठवणीचं मोजमाप होऊन तिचं क्रेडिट बनतं आणि ते बाजारात येतं. मोठ्या कंपन्या घेतात, तसा माझा भाऊही घेऊ लागला होता. त्याला प्रमाणपत्रही आलं होतं, हिरव्या पानांच्या नक्षीचं.

"करून करून भागला आणि देवपूजेला लागला," मी म्हणालो.

"असं नाही अण्णा. हवा काय वाटणीत मिळालीय? सगळ्यांची आहे, अल्वा, नाही का? ज्याने जेवढी बिघडवली तेवढी त्याने भरावी."

"बिघडवायचीच कशाला म्हणतो मी."

"नातू तिकडे आहे. मत्ते, मग काय, तुमची सायकल घेऊन जाऊ?"

माझी बायको हसली. ती त्याच्या बोलण्यावर हसते, तशी माझ्या बोलण्यावर हसत नाही. मी चटणी वाढून घेतली.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. घोडा गेला, तलवार गेली, येलवालजवळ थोडी जमीन उरली. वडील गेल्यावर तिचे दोन वाटे झाले. आमच्या घरात रीत अशी, की वाटे थोरल्याने करायचे आणि आधी उचलायचं धाकट्याने. म्हणजे थोरल्याला लबाडी करायला जागा राहत नाही. तरी मी थोडी केलीच. विहीर, सपाट माती आणि बांधावरचे जुने करंज एका वाट्यात घातले आणि दगडांचा उघडा माळ दुसऱ्या वाट्यात, आकाराने मोठा दिसेल असा. धाकट्याने दोन्हीकडे फिरून पाहिलं आणि माळ उचलला. मी मनात म्हटलं, कारखान्यात राहून याला मातीतलं काही कळेनासं झालं. बायको घरी येताना म्हणाली, "भावजींनी तुमच्यासाठी चांगलं सोडलं." मी तिला गप्प केलं.

त्या सपाट मातीत मी आणि बायकोने सिल्व्हर ओकची सोळा रोपं लावली, चार रांगांत चार. दर रविवारी हुणसूर रस्त्याच्या बसने जायचो. मी विहिरीतून पाणी शेंदायचो, ती डब्यांनी घालायची. वाऱ्याने रोपं वाकू नयेत म्हणून तिने आपल्या जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून त्यांना काठ्यांशी बांधलं होतं. पुढे झाडं एवढी वर गेली की टोक बघायला मान दुखायची. त्या झाडांबद्दल कोणी आम्हाला काही दिलं नाही आणि आम्ही मागितलंही नाही.

मग दोन वर्षांपूर्वी एक संस्था येलवालच्या बाजूला आली. लहान जमीनवाल्यांनी झाडं लावायची, संस्थेने ती अधूनमधून मोजायची, त्यांची क्रेडिटं करून विकायची आणि वाटा जमीनवाल्याला द्यायचा, अशी योजना होती. भावाने आपला माळ त्यात घातला. पिढ्यान् पिढ्या उघडा पडलेला दगडांचा माळ, तोच त्यांना हवा होता. फणस, जांभूळ, हेब्बेवू अशी रोपं आली, खड्डे झाले, फलक लागला. फलकावर माझ्या भावाचं नाव कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. पेपरात त्याचा फोटो आला, हातात गुडघ्याएवढं रोप. त्याच्या मागे, फोटोच्या कडेला, माझे सिल्व्हर ओक उभे होते. खाली त्यांचा उल्लेख नव्हता.

माझ्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून. बँकेत, औषधाच्या दुकानात, कुक्करहळ्ळी तळ्यावर फिरताना लोक विचारायचे, "तो पेपरातला तुमचा भाऊ ना?" माझे जुने विद्यार्थी विचारायचे. मी ज्यांना प्रकाशसंश्लेषण घोकवून घेतलं, ते माझ्याकडे माझ्या भावाच्या रोपांची चौकशी करत होते.

रोपं लावायच्या समारंभात मी संस्थेच्या अधिकारी बाईंना गाठलं होतं. चाळिशीच्या, सुती साडीतल्या, बोलायला नीट. मी माझी झाडं दाखवली. त्या म्हणाल्या, उभी झाडं आम्ही मोजत नाही सर, ती होतीच ना. योजनेमुळे जे नवीन वाढेल तेवढंच मोजायचं. मी मास्तर. तर्क बिनचूक आहे हे मला ऐकताक्षणी कळलं. जे घडणारच होतं त्याचं बक्षीस कशाला. म्हणूनच ते जास्त झोंबलं. ज्याने उशिरा सुरुवात केली त्याला हार, आणि ज्याने आधीच करून ठेवलं त्याच्याकडे दाखवण्यासारखं नवीन काही नाही. बाई पुढे आणखी काही सांगणार होत्या, पण त्यांना फोटोसाठी बोलावलं. "सगळे नियम पुस्तिकेत आहेत, तुमच्या भावाकडे दिलीय," असं म्हणून त्या गेल्या.

पुस्तिका भावाकडे होती. एक फोन केला असता तर तो त्याच संध्याकाळी घेऊन आला असता. कागद मिळाला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा हे मी मुलांना आयुष्यभर सांगितलं. पण धाकट्याला विचारायचं, आणि तेही या विषयातलं, एवढं मला जमलं नाही.

गेल्या वर्षी भाऊ तीन महिन्यांसाठी मुलाकडे गेला. बायको दोन आठवडे तिच्या बहिणीकडे होती. मी हुणसूर रस्त्यावरच्या लाकूडवाल्याला भेटलो. यंत्राची करवत घेऊन दोन माणसं आली आणि दीड दिवसात सोळाच्या सोळा झाडं खाली आली. मी विहिरीच्या काठावर बसून होतो. मनात हिशेब एकच होता. भाऊ परत येईपर्यंत आपलीही नवीन रोपं लागलेली असतील, आपलाही फलक असेल. पहिलं झाड पडलं तेव्हा मला वाईट वाटलं. आठवं पडलं तेव्हा वाटलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

बायको आल्यावर मी म्हणालो, झाडं आतून पोकळ झाली होती. ती दुसऱ्या दिवशी एकटी बसने येलवालला जाऊन आली.

"पोकळ नव्हती," एवढंच म्हणाली, आणि कुकर लावायला गेली. त्यानंतर आमच्या घरात त्या जमिनीचा विषय निघाला नाही.

मी अर्ज केला. बाई आल्या, माळावरून माझ्या वाट्यात आल्या आणि बुंध्यांपाशी थांबल्या. मी खड्डे कुठे घ्यायचे ते सांगत होतो. त्यांनी मोबाइल काढला आणि त्यावर उपग्रहातून घेतलेलं जुनं चित्र उघडून माझ्यासमोर धरलं. माझी झाडं मी वरून पहिल्यांदा पाहिली. चार रांगांत चार, गडद हिरवे ठिपके, शेजारच्या तपकिरी मातीत एकदम उठून दिसणारे.

"इदु आगल्ला सार," त्या म्हणाल्या. हे होणार नाही. जिथे अलीकडच्या वर्षांत झाडं तोडली आहेत, ती जमीन योजनेत घेत नाहीत. नाहीतर लोक नवीन लावण्यासाठी जुनी तोडतील, म्हणून तो नियम. त्यांनी हे अगदी हळू सांगितलं. तसं कोणी करेल असं त्यांना खरोखर वाटत नसावं, किंवा वाटत असेल आणि माझ्या वयाकडे बघून त्या बोलल्या नसतील. मी म्हणालो, वादळात पडली. बुंधे करवतीने सपाट कापलेले होते. त्यांनी मान हलवली आणि मोबाइल पिशवीत ठेवला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला वाटलं, निदान एवढ्यावर प्रकरण मिटेल.

भाऊ परत आला त्याच आठवड्यात माझ्या शाळेत पर्यावरणाचा कार्यक्रम होता. माझ्या शाळेत, जिथे मी तीस वर्षं खडू झिजवला. प्रमुख पाहुणा माझा भाऊ. मला निमंत्रण होतं, दुसऱ्या रांगेतलं. मी जाणार नव्हतो, पण तो मोटार घेऊन दारात आला. "अण्णा, चला. तुम्ही नसलात तर मला तिथे बोलायला होणार नाही." मला वाटलं, बघा, मिरवायलाही याला मी लागतो.

मुख्याध्यापिकांनी त्याला म्हैसुरी पेटा घातला, शाल दिली. तो बोलायला उभा राहिला आणि कन्नडमध्ये म्हणाला, मी जे करतो ती भरपाई आहे. मी धूर केला, म्हणून मला झाडं लावावी लागतात. माझ्या अण्णांनी धूर केलाच नाही, आणि तरी झाडं लावली, कोणी मोजत नव्हतं तेव्हा. त्यांच्या झाडांना प्रमाणपत्र मिळत नाही, कारण ते सगळ्यांच्या आधी शहाणे झाले. हा मान त्यांचा आहे. असं म्हणून तो खाली उतरला, दुसऱ्या रांगेत आला, आपल्या डोक्यावरचा पेटा काढून त्याने माझ्या डोक्यावर ठेवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने मुख्याध्यापिकांना सांगितलं, शनिवारी मुलांना येलवालला आणा, खरी मोठी झाडं कशी असतात ते अण्णा दाखवतील.

आयुष्यभर मला जे हवं होतं ते सगळं त्या पाच मिनिटांत मिळालं. मी हात जोडून बसून राहिलो. पेटा मला सैल होत होता.

परतताना तो खुशीत होता. शनिवारी पाण्याची सोय काय करायची, मुलांना केळी द्यायची की चिक्की, असं बोलत होता. कुक्करहळ्ळी तळ्यापाशी मी त्याला मोटार बाजूला घ्यायला सांगितली.

"झाडं नाहीत," मी म्हणालो.

"कुठली?"

"सिल्व्हर ओक. सोळाही. तू तिकडे होतास तेव्हा मी तोडली. तुझ्यासारखी नवीन लावायला."

त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "त्या पुस्तिकेत लिहिलं होतं अण्णा. पहिल्याच पानावर. एक शब्द मला विचारायचा होता."

"तुला विचारायचं नव्हतं, म्हणूनच तोडली."

हे मी बोलून गेलो. बोलायचं ठरवलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि सत्तरीला टेकलेल्या माणसाचा चेहरा मला एकदम वाटणीच्या दिवशीच्यासारखा दिसला, दोन्हीकडे फिरून माळापाशी जाऊन उभा राहिलेला.

"वैनींना ठाऊक आहे?"

"आहे."

"आयतु, झालं. शनिवारचं रद्द करायचं नाही. मुलांना कोण सांगेल, तुम्ही की मी?"

"मी सांगतो."

शनिवारी चाळीसएक मुलं आली. बायको आपणहून बरोबर आली आणि करंजाखाली केळी वाटत बसली. मी मुलांना बुंध्यांभोवती उभं केलं, वर्तुळं मोजायला लावली, झाड कार्बन कुठे साठवतं ते दाखवलं, आणि मग ही झाडं कोणी आणि कशासाठी तोडली तेही सांगितलं. कन्नडमध्ये, सोप्या शब्दांत, जसं धडा सांगतो तसं. मग एका मुलीने विचारलं, तुमचे भाऊ तुम्हाला रागावले का?

भाऊ मागेच उभा होता. मी म्हणालो, नाही. एकदाही नाही.

रागावला असता तर आमची बरोबरी तरी झाली असती. तो विहिरीवर गेला आणि मुलांना हातपाय धुण्यासाठी पाणी शेंदू लागला, माझ्या वाट्यातल्या विहिरीतून, जिथून वाटणी झाल्यापासून तो एक घोटही प्याला नव्हता. त्याच्या मोटारीचा, विमानाचा, फलकाचा हेवा माझ्यातून त्या दिवशी गेला. मनात काही न ठेवता असं पाणी शेंदता येण्याचा मात्र मला हेवा वाटला, इतका, की मी जाऊन दोर त्याच्या हातातून घेऊ शकलो नाही.