काकांचा चष्मा आणि दोन टिकल्या

स्वतःच्याच घरात शिरताना स्वतःची ओळख पटवून देणारा माणूस उभ्या पनवेलमध्ये एकच होता, आणि त्यांच्याकडे मी सात वर्षं पोळीभाजी केली. सकाळी बेल वाजवली की काका आतून विचारायचे, "कोण?" मी म्हणायची, "मी." ते म्हणायचे, "मी तर सगळेच असतात. काल भाजी कसली केली होतीस?" दुधी असं सांगितलं की मग कडी निघायची. एकदा मला भाजी आठवेना, तर दहा मिनिटं जिन्यात उभी होते. शेवटी काकू आतून म्हणाल्या, "अहो, घ्या तिला आत. आज भाजीच झाली नाही तर उद्या काय विचाराल?" ते मात्र त्यांना पटलं. हा नियम मला एकटीला नव्हता. काका स्वतः दूध घेऊन आले की न विचारता बाहेरूनच भाजी सांगायचे आणि काकू हसत दार उघडायच्या.

निवृत्त होण्याआधी काका जासईला कंटेनरच्या यार्डात सील तपासायचे. दुसऱ्याच्या मालाची सीलं बघण्यात जन्म गेला, मग घरी तरी हात कसा थांबणार. साखरेच्या डब्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर त्यांची सही. मी साखर घेतली की नवी पट्टी, नवी सही. संगणकाच्या कॅमेऱ्यावर काकूंची टिकली चिकटवलेली असायची, तीसुद्धा मुद्दाम जराशी तिरकी, आणि ती तितकीच तिरकी आहे ना हे रोज चष्मा पुसून बघायचे. पासवर्ड दर संकष्टीला बदलायचा, आंघोळ करून, दार लावून. काकू म्हणायच्या, "लोक गणपतीसाठी उपास धरतात, आमचे हे पासवर्डसाठी."

आम्ही हसायचो, पण त्यामागचं कारण मला ठाऊक होतं, कारण तेव्हा मी त्या घरातच होते. काका बाजारात गेले होते. फोन आला, काकूंनी उचलला. गोड बोलणारा माणूस होता. म्हणाला, तुमच्या संगणकात बिघाड झालाय, मी सांगतो ती बटणं दाबा. काकूंनी दाबली. मग पडद्यावरचा बाण आपला आपण फिरायला लागला. काकूंनी मला हाक मारली, "अगं, बघ, हा एकटाच चालतोय." मी पिठाच्या हातानं येऊन बघत राहिले. मला वाटलं, असंच असतं. काका आले आणि त्यांनी भिंतीतून वायर उपटली, पण तोवर त्यांच्या एकुलत्या एक मुलीचे लहानपणापासूनचे सगळे फोटो गेले होते. काका कुणावर ओरडले नाहीत. "सील मीच लावलं नव्हतं," एवढंच म्हणाले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मुलगी परदेशात असते. रोज चार वाजता, तिच्याकडे तेव्हा सकाळ असते, ती पडद्यावर यायची आणि काकू तिला बघायच्या. पण त्याच वर्षी काकूंचं विसरणं वाढलं. गॅसवर दूध ठेवून विसरायच्या, मग दूध का ठेवलं ते विसरायच्या, मग गॅस म्हणजे काय हेही. आणि काकांच्या छातीचं दुखणं डॉक्टरांनी अवघड आहे म्हणून सांगितलं. एकदा मी कणीक मळत असताना स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी आधी जाणार. मी गेल्यावर हिला कुणी समजावत बसणार नाही. आता यंत्रानंच हिला समजून घेतलं पाहिजे."

मग त्यांनी यंत्राला शिकवायला घेतलं. पडद्यावरची सगळी चित्रं काढून टाकली, कॅमेऱ्यावरची तिरकी टिकलीही. एका जाड लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून बटणांच्या पाटीवर झाकणासारखा बसवला आणि त्याला दोनच भोकं ठेवली. एका भोकातल्या बटणावर हिरवी टिकली, दुसऱ्यावर लाल. हिरवी दाबली की मुलगी दिसणार, लाल दाबली की बंद. टिकल्यांची पाकिटं आणायला मला पाठवलं. मी नऊ वर्षांत टिकली घेतली नव्हती. दुकानातली बाई माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "तुला कशाला गं?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरला." ती शेजारच्या बाईला म्हणाली, "ऐक, आता कॉम्प्युटर पण नटतात."

आणि परीक्षा माझी. काका म्हणायचे, "या, चौथीवाल्या बाई, बसा. तुम्हाला न सांगता जमलं तर हिला जमेल. तुम्ही पास, तर माझं काम पास." मी म्हणायची, "काका, मला नाय जमायचं. त्यात माझं तोंड दिसतंय." मला त्या कॅमेऱ्याची फार लाज वाटायची, मी खाली जमिनीवर बसून हात तेवढा वर करून बटण दाबायची. ते वहीत लिहायचे, 'चौथी पास, न बघता दाबलं, उत्तम.' मी एकदा मुद्दाम चुकले तर त्यांनी पुठ्ठाच परत कापला.

सगळ्यात अवघड सील त्यांनी शेवटी लावलं. "आता कुणाचाही खोटा आवाज करता येतो, तोंडसुद्धा," असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मुलगी पडद्यावर आली की काकूंनी आधी विचारायचं, "नेऱ्याच्या ओढ्यात काय वाहून गेलं?" मुलगी म्हणणार, "बाबांचा चष्मा." ती सहा वर्षांची असताना तिघं नेऱ्याला फिरायला गेले होते. चष्मा ओढ्यात गेला आणि काकांना काही दिसेना, तेव्हा काकूंनी त्यांना हाताला धरून बसपर्यंत आणलं. हे तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मला चौथी म्हणून परीक्षेसाठी सांगितलं. काका रोज काकूंकडून प्रश्न घोकून घ्यायचे, आणि उत्तर आलं की शेजारच्या खुर्चीतून म्हणायचे, "बरोबर." ते बरोबर म्हणाले की मगच काकू मुलीला विचारायच्या, "जेवलीस का?"

गेल्या वर्षी गणपती झाले आणि काका गेले. खुर्चीतच, पेपर मांडीवर. मुलगी आली, तेराव्यापर्यंत राहिली, रडत गेली. काकूंना न्यायला तिला अजून तिकडचे कागद मिळत नाहीत. आता दिवसभर मी असते, रात्री काकूंची बहीण येते. बहिणीनं रीतीप्रमाणे काकूंच्या कपाळावरची टिकली काढली होती. काकू आरशात बघून गोंधळल्या, इकडेतिकडे शोधलं, मग संगणकापाशी गेल्या आणि बटणावरची लाल टिकली सोलून कपाळाला लावली. जरा तिरकी बसली. मी पाकिटातली दुसरी काढून बटणावर लावली.

काका गेल्यावर काकू खूप काही विसरल्या, मुलीचं नावसुद्धा. पण चार वाजता हिरवी टिकली दाबायच्या आणि प्रश्न विचारायच्या. काकांनी घोकून घेतलेलं तेवढं मात्र पक्कं राहिलं. मुलगी परत गेल्यावर पहिल्याच दिवशी पडद्यावरून म्हणाली, "बाबांचा चष्मा." काकूंनी टेबलाकडे बघितलं. काकांचा चष्मा तिथेच होता, त्यांनी ठेवला होता तिथे, कुणी हलवला नव्हता. काकू म्हणाल्या, "चूक. ह्यांचा चष्मा हा काय, इथे आहे." आणि लाल टिकली दाबली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मुलीचा माझ्या मोबाइलवर फोन आला. "ताई, आईनं आजही मला बाहेर काढलं," म्हणाली. काकांचं सील इतकं चांगलं लागलं होतं की घरची लेकच आत येऊ शकत नव्हती. आणि ते उघडायला काका नव्हते.

चौथ्या दिवशी चारच्या आधी मी चष्मा उचलला आणि पदराखाली धरला. नेहमीसारखी खाली जमिनीवर बसले. काकूंनी प्रश्न विचारला. मुलीनं उत्तर दिलं. काकूंनी टेबलाकडे बघितलं. चष्मा नव्हता. मग त्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, बरोबर का?" त्यांचं बोट लाल टिकलीवर होतं. मी वाट बघितली, कोणीतरी बोलेल अशी. मग मीच उठले, कॅमेऱ्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "बरोबर, काकू."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू चौथी पास ना?"

"हो, काकू."

"मग बरोबर असेल," म्हणाल्या, आणि पडद्याकडे तोंड करून, "जेवलीस का?"

तेव्हापासून रोज चार वाजता मी चष्मा पदराखाली घेते, बरोबर म्हणते, आणि पडदा बंद झाला की तो पुसून परत टेबलावर ठेवते. ठेवायला विसरून चालत नाही. नाहीतर संध्याकाळपर्यंत काकू घरभर हात लावत फिरतात आणि मला विचारतात, अगं, हे चष्म्याशिवाय बसपर्यंत येतील कसे.