रंगाआधीची फेरी

आमची बायको उंचीने साडेचार फूट आणि आवाजाने सात. तिची बदली किलवणीच्या शाळेत झाली, पण सिल्वासात मिळणाऱ्या एकाही सायकलवर तिचे पाय जमिनीला टेकेनात. दोनदा पडली, तेव्हा म्हणाली, "आता नोकरीच सोडते."

टोकरखाड्यात एक खानदेशी वेल्डर मापाची फ्रेम बनवायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना तो एकच डोळा उघडा ठेवायचा. दुसरा बहुधा ठिणग्यांसाठी राखून ठेवलेला. नुसत्या फ्रेमचे त्याने अख्ख्या नव्या सायकलीएवढे पैसे सांगितले. मी भर रस्त्यात कपाळ बडवून दाखवलं. तो मन लावून बघत राहिला.

फ्रेम जोडली की जुनी चाकं चढवून तो गिऱ्हाइकाला बिनरंगाच्या लोखंडावरच फेरीला पाठवायचा. "रंग दिला की कापायला हात धजत नाही, भाऊ."

बायको फेरीला गेली आणि मी हातवारे करत घासाघीस सुरू केली. बराच वेळ झाला तरी ती येईना. माझा आवाज आपोआप उतरला.

"पडली तर नसेल हो?"

त्याने शांतपणे विडी पेटवली. "माप चुकलं की माणूस समोरच्या वळणावरूनच माघारी येतो, भाऊ. बाई पुढे गेल्या, म्हणजे फ्रेम बसली."

तेवढ्यात घंटी वाजली. घामाघूम बायको ओरडत आली, "अहो, पाय टेकतात! किलवणीच्या रस्त्याला लागले, तर वळावंसंच वाटेना!"

माझा जीव भांड्यात पडला. वेल्डरने तो एक डोळा माझ्यावर रोखला. "हां भाऊ, किती कमी करायचे म्हणत होता?"

मी म्हटलं, "रंग कोणकोणते आहेत?"