व्हर्ना डूलनच्या मरणाची बातमी

मिरामिशी नदीकाठची कागदाची गिरणी बंद पडली, तेव्हा तिथल्या बायाबापड्यांना टेलिफोनने पोटापाण्याला लावलं. जुन्या गोदामात साठ टेबलं मांडली, साठ जणांच्या कानांना यंत्रं लावली आणि सांगितलं, लोक फोन करतील, त्यांना देश दाखवा. कॅनडात कुठं फिरायला जावं, कोणतं शहर कुणाला मानवेल, विमान की रस्ता, हॉटेल कोणतं, हे सगळं सांगायचं. सांगणाऱ्याने ते शहर पाहिलेलं असलंच पाहिजे, असा काही नियम नव्हता. व्हर्ना डूलन उभ्या जन्मात एकदा हॅलिफॅक्सला दाताच्या डॉक्टरकडे आणि एकदा क्युबेकला कुणाच्या तरी लग्नाला गेली होती, आणि तेवढ्या भांडवलावर ती सोळा वर्षं अख्खा देश विकत होती.

विकायची मात्र झकास. "व्हँकुव्हर देखणं आहे हो, पण सोबत छत्री घ्या आणि शेजाऱ्याकडून चहाची आशा सोडा," ती सांगे. "मॉन्ट्रियलला पोट रिकामं ठेवून जा. टोरांटोला पायात चांगले बूट घालून जा, तिथं कुणी तुमच्यासाठी थांबत नाही. कॅलगरीला गेलात तर खरं गाव डोंगरात आहे, शहर नुसता थांबा समजा." लोक हसत आणि तिकिटं काढत.

तिची खरी ख्याती मात्र कानांची. फोन करणारा कुठला आहे ते पडद्यावर त्याचा पत्ता उमटायच्या आत ओळखायचं, हा त्या गोदामातला खेळ होता, आणि हरेल त्याने सगळ्यांना डोनट खिलवायचे. टोरांटोचा माणूस आपल्याच गावाच्या नावातलं अर्धं गिळतो. न्यूफाउंडलंडच्या माणसाची दोन वाक्यं एकमेकांशी शर्यत लावतात. गव्हाच्या मुलखातला माणूस सपाट बोलतो, जमिनीसारखाच. शेजारच्या टेबलावरची ओडेट सावॉय अर्धी फ्रेंच, अर्धी इंग्रजी अशी खिचडी बोलायची. ती म्हणे, "अगं व्हर्ना, तुझ्यापुढे शिंकायचीसुद्धा भीती वाटते. कुठल्या गल्लीतली शिंक ते सांगशील तू."

स्वतः व्हर्ना फोनवर अगदी धुतलेल्या, कुठलाच नसलेल्या आवाजात बोलायची. तसं शिकवलेलंच होतं. नावही ग्रेस सांगायची, कारण व्हर्ना म्हटलं की लोक दोनदा विचारतात. नदीकाठची बोली ती यंत्र कानावरून उतरल्यावर काढायची.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी फोन आला. मुलगी होती, एकोणीस-वीसची. तिचं पहिलं वाक्य ऐकूनच व्हर्नाने कागदावर 'केलोना' लिहून ओडेटला दाखवलं. पश्चिमेकडची द्राक्षमळ्यांची मुलगी, स्वर आळसावलेला, प्रत्येक विधान प्रश्नासारखं वर जाणारं. पडद्यावर केलोना उमटलंही. ओडेटने कपाळाला हात लावला.

मुलगी म्हणाली, "आम्ही तिघं येणार आहोत जुलैत. आई, बाबा आणि मी. मॉन्ट्रियल, क्युबेक आणि हॅलिफॅक्स यांत कुठं जास्त दिवस काढावेत?"

व्हर्नाने आपली नेहमीची पोथी उघडली. मॉन्ट्रियल तीन, क्युबेक दोन, तटबंदीवरून चालायचं. "समजतंय ना?" तिने विचारलं.

मुलीने 'हो' म्हटलं. पण ते म्हणताना श्वास बाहेर न टाकता आत ओढला.

व्हर्नाच्या हातातलं पेन थांबलं. असा आत ओढलेला 'हो' इकडे पूर्वेला घरोघर ऐकू येतो, म्हाताऱ्या बाया तर चर्चमध्येही तसाच म्हणतात. केलोनात असा 'हो' कुणी म्हणत नाही. हा शाळेत शिकवत नाहीत. हा स्वयंपाकघरातूनच पोरांच्या अंगात जातो.

"क्युबेकहून हॅलिफॅक्सला गाडीने जाणार का?" व्हर्नाने विचारलं. त्या दोन शहरांमधला रस्ता मिरामिशीच्या बाजूनेच जातो.

"मला तसंच हवंय. पण बाबा नाही म्हणतात. म्हणतात, मधे नुसती झाडं आहेत, विमानानेच जाऊ."

असलं काही विचारायचं नसतं, फोन ध्वनिमुद्रित होतात. तरी व्हर्नाने विचारलं, "बाबा इकडचे आहेत का?"

"तुम्हाला कसं कळलं? ते मिरामिशीचे. पण तिथं आता आमचं कुणी उरलं नाही. आजी गेली, मी जन्मायच्या आधी. माझं नाव तिचंच आहे, झीटा. झीटा डूलन."

व्हर्नाच्या पायाखालची जमीन सरकली, असं म्हणतात ना, तसं झालं नाही. जमीन होती तिथंच होती, खुर्चीही होती. फक्त तिने कागदावरच्या 'केलोना'खाली 'डूलन' लिहिलं. झीटा हे तिच्या आईचं नाव, डूलन तिचं माहेरचं आडनाव. आई बावीस वर्षांपूर्वीच्या जानेवारीत गेली होती. इकडे जानेवारीत जमीन लोखंडासारखी गोठलेली असते, म्हणून प्रार्थना तेव्हा झाली आणि पुरलं मे महिन्यात. एमेट, तिचा एकुलता एक धाकटा भाऊ, तेलाच्या कामावर पश्चिमेला होता. तो जानेवारीत आला नाही, मे महिन्यातही आला नाही. तेव्हा व्हर्नाने त्याला फोनवर सांगितलं होतं की आमच्यासाठी तू मेलास. जिभेला हाड नसतं. दोन नाताळांनी तिचा राग उतरला, तिने कार्डं पाठवली, ती परत आली आणि रागही परत आला.

"आणि दुसरं कुणी?" व्हर्नाने विचारलं. आवाज ग्रेसचाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

"एक आत्या होती, व्हर्ना आत्या. ती पण वारली. पोटाचा कॅन्सर झाला होता तिला."

व्हर्नाचा हात आपोआप पोटावर गेला. टेबलावर तिचं अर्धं खाल्लेलं सँडविच होतं. ओडेट तिच्याकडे बघून हातानेच काय झालं, काय झालं, असं विचारत होती.

मुलगी मोकळ्या मनाने बोलत सुटली. "बाबा तीन महिने तिच्या उशाशी बसून होते. शेवटी तिला पाणीसुद्धा त्यांनीच पाजलं. दर नोव्हेंबरला ते तिच्या नावाने मेणबत्ती लावतात आणि रडतात. माझे बाबा तसे रडणाऱ्यातले नाहीत. म्हणून तिकडे जायला नको म्हणत असतील, मला वाटतं."

व्हर्नाला आधी राग आला, असा की कानातलं यंत्र भिंतीवर फेकावं. आईच्या उशाशी तीन मिनिटं न बसलेला हा गडी माझ्या उशाशी तीन महिने बसला? मला मारलं ते मारलं, वर पाणी पाजून पुण्यही घेतलं? आणि त्याच श्वासात तिच्या लक्षात आलं की आईसाठी जे करायचं राहिलं तेच त्याने तिच्यासाठी केलं होतं, तिला मारून का होईना. दरवर्षी तिच्यासाठी कुणी तरी रडत होतं. इथं जिवंतपणी कुणी रडलं नव्हतं तिच्यासाठी. नवरा सोडून गेला तोसुद्धा शिट्टी वाजवत गेला.

आता तोंड उघडावं तर या पोरीचा बाप खोटा पडणार. मिटावं तर आपण मेलेलेच राहणार. दोन्हींत कुणाचं तरी मरण होतं.

"थांबा हं," झीटा म्हणाली, "बाबाच आले गॅरेजमधून. त्यांच्याशी बोला ना तुम्ही. पटवा त्यांना, गाडीने चला म्हणून. तुम्ही छान सांगता."

"नको," व्हर्ना म्हणाली, पण फोन हातातून हातात गेलेला होता.

"हॅलो," एमेट म्हणाला. "माफ करा, पोरीने तुमचा वेळ खाल्ला असेल."

रस्त्यात भेटून त्याचं बोलणं ऐकलं असतं तर तिने त्याला ओळखलं नसतं. सगळी नदी धुऊन काढली होती त्याने जिभेवरून. सपाट, सभ्य, डोंगराकडचा माणूस. व्हर्नाने एकदा ओडेटकडे पाहिलं, एकदा त्या लाल दिव्याकडे, जो फोन ध्वनिमुद्रित होत असल्याचं सांगतो. मग तिने ग्रेसला बाजूला सारलं आणि आईच्या स्वयंपाकघरात बोलायची तशी बोलली.

"एमेट, मी व्हर्ना."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि तो दबक्या आवाजात म्हणाला, "झीटा, तू जरा बाहेर जा बघू." दार लागलं.

"व्हर्न?" तो म्हणाला. एवढ्या एका शब्दात तो बावीस वर्षं मागे आला.

"मी मेले म्हणे."

"हो."

"पोटाने."

"लोक विचारायचे, घरी कोण कोण आहे. पहिल्यांदा बायकोने विचारलं. काय सांगणार होतो? बहीण आहे, पण मी तिच्यासाठी मेलो? ते तोंडातून निघेना. मग तूच मेलीस. एकदा मेलीस म्हटल्यावर लोक विचारतात, कशाने, कधी, तू होतास का जवळ. मी म्हटलं, होतो. व्हर्न, मला आईजवळ नसण्याची लाज वाटत होती ना, म्हणून मी होतोच म्हणत गेलो. पुढं मलाच ते खरं वाटायला लागलं."

व्हर्नाला खूप बोलायचं होतं. बावीस वर्षं तिने न्हाणीघरात, गाडीत, बर्फ लोटताना याला शिव्या दिल्या होत्या, एकेक शिवी घासून लख्ख केलेली होती. आता त्यातली एकही जागेवर सापडेना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओडेट टेबलाखालून तिच्याकडे कागदी रुमाल सरकवत होती.

"मला क्षमा कर," एमेट म्हणाला.

"मी बोलले होते तेही काही बोलायचं नव्हतं."

"पण आता पोरीला काय सांगू मी? तिने तुझ्यासाठी मेणबत्त्या लावल्यात, व्हर्न. लहानपणापासून."

व्हर्नाने नाक पुसलं. "सांग, बरी झाली."

पलीकडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते त्यालाही ठाऊक नसावं. दाराबाहेरून झीटा विचारत होती, बाबा, काय झालं, काय म्हणतायत त्या.

"गाडीने आलो," तो म्हणाला, "तर तिघांना झोपायला जागा होईल का तुझ्याकडे?"

"आईची खोली आहे," व्हर्ना म्हणाली. "झोपशील तिथं?"

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला.

"झोपेन," तो म्हणाला.