डावीकडचा शब्द

आमच्या डायलिसिसच्या खोलीत चार खाटा आणि एक टीव्ही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहा ते दुपारी दोन. हातात दोन सुया, त्यामुळे तो हात हलवायचा नाही, आणि रिमोट सिस्टरच्या खिशात. म्हणून एकच्या बातम्या सगळ्यांनीच बघायच्या. मी शिवणकाम करणारी बाई. एरवी बातम्यांशी माझा काय संबंध? पण चार तास छताकडे तरी किती बघणार!

आमच्यात परीक्षक होते कॅशियर. बँकेतून निवृत्त झालेले. बातमीपेक्षा बातमी देणाऱ्यांवर त्यांचं लक्ष. 'हा नवा बातमी देतोय की भांडतोय?' किंवा 'आज कोटाचा रंग बरा आहे.' चौथ्या खाटेवरच्या आजी मशीन सुरू झालं की झोपत. सरकार राहिलं काय नि पडलं काय, त्यांना सारखंच. आणि माझ्या शेजारी काका. पहिले चार महिने ते कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत.

एकचं बातमीपत्र वाचणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या. शांत आवाज, तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखे स्वच्छ उच्चार. कॅशियर एकदा म्हणाले, "पाठांतर बघा बाईंचं. एकदा कागदाकडे बघत नाहीत."

"पाठांतर नाही," काका म्हणाले. "काच."

आम्ही दोघांनी माना वळवल्या. मग काकांनी सांगितलं. कॅमेऱ्यापुढे तिरकी काच असते, प्रॉम्प्टर म्हणतात तिला, तिच्यावर अक्षरं वर सरकत जातात. वाचणारा त्या अक्षरांकडे बघतो आणि आपल्याला वाटतं, आपल्याकडेच बघतोय. ती अक्षरं सरकवणारा माणूस म्हणजे काका. एक गोल चकती फिरवायची, बस. बावीस वर्षं त्यांनी याच बाईंसाठी ती फिरवली. त्या दिवसापासून ते आमचे प्रॉम्प्टरकाका झाले.

ते मुळात त्या स्टुडिओत वायरिंगच्या कामाला लागले होते. चकती फिरवणारा तापाने पडला म्हणून एका दिवसासाठी बसवलं, ते बसलेच. बाई कुठे श्वास घेतात, अवघड नावाआधी ओठ कसे ओले करतात, सर्दी झाली की कुठल्या शब्दावर थांबतात, हे त्यांना पाठ. स्टुडिओ इतका थंड की बाई टेबलाखाली मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसत. दोघांत बोलणं फारसं नव्हतंच. बातम्या सुरू होण्याआधी बाई विचारत, "आहात ना?" काका म्हणत, "आहे."

मग टेबलाखाली पायाने दाबायची कळ आली. वाचणाऱ्याने स्वतःच अक्षरं सरकवायची. काकांना भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन घरी पाठवलं. त्या दिवशी बाई मेकअपच्या खुर्चीत होत्या. आरशात दोघांची नजरानजर झाली. बाई काही बोलल्या नाहीत. वर्षभरात काकांची किडनी गेली. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकू मात्र ते मानत नसत.

पावसाळ्याच्या सुमाराला कॅशियरांनी शेरा मारला, "बाई अडखळायला लागल्या. वय झालं, दुसरं काय."

पुढचे कितीतरी दिवस काका टीव्हीकडे कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. एका शुक्रवारी मशीन बंद झाल्यावर, सुईच्या जागी कापूस दाबून धरत ते मला म्हणाले, "ताई, तिला डावीकडचं दिसत नाहीये. ओळीचा पहिला शब्द, नाहीतर पहिलं अक्षर सुटतं. परवा अपूर्ण पुलाला पूर्ण म्हणाली. चष्म्याचं काम नाही हे. माझ्या भावाला डोक्यात गाठ झाली तेव्हा असंच झालं होतं. ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं."

"मग सांगा की त्यांना. कधीपासून दिसतंय तुम्हाला हे?"

"तीन आठवडे."

"आणि गप्प बसलात?"

काकांनी कापूस उचलून रक्त थांबलंय का ते बघितलं. "तीही गप्प बसली होती," ते म्हणाले.

पण सोमवारी त्यांनी स्वतःच माझ्याकडे फोन मागितला. त्यांच्याकडचे जुने नंबर बंद होते. वाहिनीच्या नंबरावर एका मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपला अभिप्राय नोंदवला आहे." तेव्हा आम्ही रिक्षा करून थेट स्टुडिओच्या फाटकावर गेलो. डायलिसिसनंतर अंगात त्राण नसतं. काका चार पावलं चालून कठड्यावर टेकले. फाटकावरचा माणूस नवीन होता.

"मी इथे बावीस वर्षं होतो," काका म्हणाले.

"असाल. पण बाईंना भेटायला रोज दहाजण येतात."

काकांनी चिठ्ठी लिहिली. अक्षर गिचमिड आलं. ते खोडून त्यांनी मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिलं, आणि डाव्या बाजूला अर्धा कागद कोरा सोडला. त्या माणसाने घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली. "देतो," म्हणाला.

पुढच्या बुधवारी एकच्या बातम्यांत पुराची बातमी होती. नदीकाठच्या वस्त्यांमधलं नळाचं पाणी तपासलं होतं. बाई नेहमीच्या शांत आवाजात म्हणाल्या, "हे पाणी पिण्यास योग्य असल्याचं आढळलं आहे."

"अयोग्य," काका म्हणाले. ते उठायला लागले तशी नळी ताणली आणि मशीन केकाटायला लागलं. "सिस्टर, अयोग्य आहे ते. वाक्याची चाल सांगतेय."

कॅशियरांची बहीण नदीकाठीच राहत होती. त्यांनी मोकळ्या हाताने फोन लावला. अर्ध्या तासाने दुसऱ्याच माणसाने पडद्यावर येऊन चूक दुरुस्त केली, पण तोवर लोकांनी पाणी भरून ठेवलं होतं. आठवडाभर दवाखान्यात नदीकाठची माणसं येत होती, जुलाबाने पिळवटलेली, मुलं जास्त. बहिणीच्या नातवाला सलाइन लावावं लागलं. कॅशियरांनी त्यानंतर बाईंचं नाव काढलं नाही. बाईही पुन्हा पडद्यावर दिसल्या नाहीत. निरोपाचा एक शब्द नाही.

दोन महिन्यांनी त्या आमच्या खोलीत आल्या. डोक्याला रुमाल, सोबत त्यांची भाची. पडद्यावरच्यापेक्षा कितीतरी लहानखुऱ्या वाटल्या. गाठ काढली होती, पण डावीकडचं गेलं ते गेलंच. काकांची चिठ्ठी त्यांना नोकरी सुटल्यावर मिळाली, सामानाच्या खोक्यात; खाली आमच्या दवाखान्याचं नाव होतं. भाचीने त्यांना फिरवून असं बसवलं की काका त्यांच्या उजवीकडे आले.

"तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"हो."

"किती आधी?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. मी मनात म्हणत होते, बोला. ते म्हणाले, "चिठ्ठी दिली त्याच्या तीन आठवडे आधी. मुद्दाम नाही सांगितलं. मनात राग होता."

बाई मांडीवरची पर्स चाचपत राहिल्या.

"त्या दिवशी आरशात मी तुम्हाला बघितलं होतं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी बोलू, असं ठरवलं. मग कोणाला कशाला दुखवा, असं वाटलं." मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आले असते तर थोडी नजर वाचली असती."

काकांनी मान हलवली. क्षमा कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही. बाई निघाल्या तेव्हा त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटला.

त्यानंतर काकांनी खाट बदलून मागितली. टीव्हीच्या बरोबर खाली, जिथून पडदा दिसत नाही, अशी. बाईंच्या जागी आलेल्या नव्या मुलीचा आवाज कॅशियरांना हळूहळू आवडायला लागला. काकांचं जेवण सुटलं, वजन उतरत गेलं. काकू रोज पेज आणत आणि तशीच परत नेत. थंडी सरता सरता काका गेले.

काकूंकडून नंबर घेऊन मी बाईंना फोन केला. मी कोण ते सांगितलं, आणि काका गेल्याचं सांगितलं.

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"काल सकाळी."

"बरं," त्या म्हणाल्या. "सांगितलंत, बरं केलंत."